काळा रंग वापरू नये

दोन वर्षं झाली या गोष्टीला. आमच्या भागातल्या एका शाळेचं गॅदरिंग होतं. मी चार ओळी लिहितो, कधीमधी नाव छापून येतं, म्हणून मला पाहुणा म्हणून बोलावलेलं. शाल, नारळ, फेटा, सगळं यथासांग झालं. त्याच दिवशी पोरांच्या चित्रांची बक्षिसंही होती. विषय दिलेला, ‘माझे गाव’. वरांड्यात सुतळी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी चित्रं टांगली होती. पुण्याहून एक परीक्षक आलेले, चित्रकला रीतसर शिकलेले, बोलायला गोड माणूस. त्यांच्या मागं मागं मीही फिरलो.

साठ-सत्तर चित्रं असतील. त्यांतली पन्नास तरी एकाच हातानं काढल्यासारखी. दोन तिकोनी डोंगर, मधनं वर येणारा सूर्य, त्याला सायकलच्या चाकाच्या ताराव्यात तशी किरणं. डोंगरातनं निघालेली निळी नदी. काठावर एक झोपडी, दार बंद. झोपडीशेजारी नारळाचं झाड. आभाळात चारच्या आकड्याएवढे पक्षी. माणूस कुठंच नाही.

आमच्या खोऱ्यात नारळाचं झाड कुणी लावलंच तर हौसेनं, परसात एखादं. मी स्वतः नारळाचं बन पहिल्यांदा बघितलं ते एका लग्नाच्या वऱ्हाडात वरंध घाट उतरून महाडला गेलो तेव्हा. डोंगर म्हणाल तर तिकोनी डोंगर आमच्या नजरेला पडत नाही. सह्याद्री म्हणजे थरावर थर, वर सपाट माथा. तोरणा सपाट, राजगडाच्या माच्या लांबलचक, रायरेश्वराचं तर पठारच, वर लोक राहतात, शेती करतात. आणि तोरणा आमच्या मावळतीला. तिथनं सूर्य उगवायला लागला तर आम्हाला गुरं कधी सोडायची हेच कळायचं नाही.

पण पोरांवर माझा राग नाही. पोरगं जे बघतं त्यातलं काय काढायचं हे त्याला दुसरं कुणी सांगत असतं.

त्या पोरीचं चित्र शेवटून तिसरं होतं. सातवीतली. डोंगर कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला, एका अंगाला बुधल्याचा उंचवटासुद्धा. डोंगराखाली उतारावर पाच-सहा काळे चौकोन. चांगले गच्च काळे, रंग कागदातनं पलीकडं उतरलेला. मधोमध एक झाड, पान नाही, फांद्या मनगटापासनं तोडल्यासारख्या. झाडाखाली डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठमोरी. आभाळ निळं नव्हतं, मातकट होतं.

परीक्षक थांबले. बराच वेळ बघत राहिले, ते मला आवडलं. मग हळूच मला म्हणाले, “हात चांगला आहे. पण भाव फार उदास आहे हो. जळालेली जमीन, मेलेलं झाड, पाठमोरी बाई. दुष्काळाचं प्रतीक घेतलंय. या वयाच्या मुलीनं इतकं निराश का असावं?” आणि शेजारी उभ्या असलेल्या सरांना म्हणाले, “निसर्गचित्रात काळा रंग वापरू नये, हे शिकवा. चित्र मळतं. सावलीला निळा-जांभळा घ्यावा.”

पहिलं बक्षीस नारळाच्या झाडाला गेलं. माझ्याच हातनं दिलं. मी खांद्यावर शाल घेऊन टाळ्या वाजवल्या.

त्या पोरीनं काढला होता तो चैत्रातला राब. जे वाचक शहरातले आहेत त्यांना हे सांगायलाच हवं. भाताचं रोप ज्या वाफ्यात टाकायचं तो वाफा आम्ही आधी भाजतो. माघ-फाल्गुनात ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या. वाफ्यावर शेणकूट पसरायचं, वर त्या फांद्या, वर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यांच्या वर बारीक मातीचा थर. मग वारं पडलेलं बघून पेटवायचं, तेही वाऱ्याच्या उलट्या अंगानं, म्हणजे जाळ धावत नाही, राब बसून भाजतो. तणाचं बी मरतं, राख खताला होते. मृग लागला की त्या काळ्या वाफ्यात भात पेरायचं. आठ-दहा दिवसांत त्या काळ्यावर जो पोपटी रंग उठतो तो कुठल्या पेटीत मिळत असेल तर मला सांगा.

तर तो काळा चौकोन म्हणजे आमचा पाडवा. वर्ष तिथनं सुरू होतं. दाव्याला दोन गुरं, घरात बी आणि वाफ्यात राब एवढं असलं की आमचा बाप रात्री निवांत झोपायचा. आणि ते मेलेलं झाड मेलेलं नव्हतंच. ऐन असा तोडून घेतला की पावसाच्या पहिल्या पाण्याला परत फुटतो. आमच्या बांधावरचा एक ऐन माझ्या आज्यानं तोडला, बापानं तोडला, मी तोडतोय. बाई पाठमोरी आहे कारण ती वाफ्याकडं चाललीय. पाटी डोक्यावर घेऊन माणूस तुमच्याकडं तोंड करून उभा राहील कशाला?

हे सगळं मला माहीत होतं. त्या परीक्षकाला माहीत नव्हतं, म्हणून त्याचा दोष कमी. मी बोललो नाही. पाहुण्यानं यजमानाच्या घरात खोट काढू नये असं मनात आलं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या तोंडी ‘भाव’, ‘प्रतीक’ असे शब्द होते आणि माझ्या गाठीला दहावी. मला वाटलं, असेल बुवा चित्रातलं काही शास्त्र.

शास्त्र आहेच, मी नाही म्हणत नाही. काळ्यानं रंग मळतात हे रंगवणाऱ्याला ठाऊक असणार. पण काळा म्हणजे दुःख, हिरवा म्हणजे सुबत्ता, निळा म्हणजे शांती, हा कोष कुणी लिहिला? ज्यानं लिहिला तो आमच्या खोऱ्यात एक वर्षही राहिलेला नाही, एवढं मी पैजेवर सांगतो.

हिरव्याचंच घ्या. आषाढ-श्रावणात आमच्याकडं यावं. नसरापूरवरनं वेल्ह्याकडं गाडी वळली की लोक काचा खाली करतात, फोन बाहेर काढतात. डोंगर हिरवा, बांध हिरवा, दगडसुद्धा शेवाळानं हिरवा. आणि माझ्या लहानपणी तोच महिना उपाशी महिना. मागल्या सालचं भात कणगीच्या तळाला गेलेलं, नवं यायला दिवाळी. आई सुपलीनं कणगीचा तळ खरवडायची, तो आवाज अजून कानात आहे. मग सावकाराकडनं दिढीनं भात आणायचं, एक मण घेतलं तर दीड मण फेडायचं. भाजीला टाकळा, कुर्डू, भारंगी, जे रानात उगवेल ते. दिवसभर गुडघाभर चिखलात आवणी, डोक्यावर इरलं, पायाची बोटं चिखल्यांनी सडलेली. त्या हिरव्यात पोट भरलेलं माणूस आम्ही क्वचितच बघितलं. रेशनचं धान्य आल्यावर ते दिवस सरले, पण माझ्या वयाच्या माणसाला गच्च हिरवा डोंगर बघून अजूनही पहिली आठवण भुकेची येते. आमचा सुखाचा रंग पिवळा. भात पिकून लवायला लागलं की. तोही पंधरा-वीस दिवस, मग खळ्यावर झोडणी झाली की शेत करडं दिसतं, आणि करडं शेत म्हणजे घरात भात.

निळ्याचं तर त्याहून अवघड. माझ्या आईची आई वेळवंड खोऱ्यातली. भाटघरचं धरण, इंग्रजांनी बांधलेलं लॉईड धरण, 1928 साली पुरं झालं. आता त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. आजी तेव्हा परकर नेसणारी पोर. ती त्याला कधी तलाव म्हणाली नाही की धरण म्हणाली नाही. “पाणी आलं,” एवढंच म्हणायची, जसं कुणी “ताप आला” म्हणावं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबऱ्याचं शंकराचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक दर्शनाला जातात, चिखल काढतात, आणि पावसात ते परत बुडतं. ते पाणी निरेच्या दोन कालव्यांनी बारामती-इंदापूरला, फलटण-माळशिरसला जातं, तिकडच्या उसाला. जावं बापडं, तिथंही शेतकरीच आहेत. पण चित्रात डोंगराच्या कुशीत निळंशार पाणी काढलं आणि खाली ‘शांत ग्रामीण परिसर’ असं लिहिलं, तर मला आजीचं तोंड दिसतं. शांत तर आहेच. बोलणारी माणसं तिथनं उठून गेली.

आता म्हणाल, एवढं पोरांच्या चित्रावरनं कशाला तापायचं? मी स्वतः काय केलं ते सांगतो म्हणजे कळेल.

शाळेत असताना मी एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलो होतो. त्या चित्रकलेच्या परीक्षेत एक पेपर स्मरणचित्राचा. स्मरणचित्र म्हणजे समोर काही ठेवत नाहीत, बघितलेलं आठवून काढायचं. मला विषय आला पाणवठा. रोज पहाटे मी आईबरोबर पाणवठ्यावर जात होतो. उन्हाळ्यात झऱ्याला पाणी नसायचं, डवऱ्यात वाटीनं पाणी भरायला तास तास लागायचा, बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. यातलं काही मी काढलं नाही. काठोकाठ भरलेली नदी काढली, घाटाच्या पायऱ्या काढल्या, डोक्यावर तीन तीन घागरी घेतलेल्या दोन हसऱ्या बायका काढल्या, आणि कोपऱ्यात नारळ. कॅलेंडरवर होतं तसं. ‘सी’ ग्रेड मिळाली. पास झालो, साखर वाटली. पेपरचं नाव स्मरणचित्र आणि कागदावर स्मरण दुसऱ्याचं.

तर ही सवय जुनी आहे आणि नुसती शाळेपुरती नाही. माणूस काढून टाकला की गाव सुंदर दिसतं, हे सगळ्यांना पटलेलं आहे. शेण, धूर, घाम, तोडलेलं झाड, पाठमोरी बाई हे सगळं पुसलं की जो उरतो तो ‘रम्य’ भाव. रद्दीतनं आणलेल्या एका पुस्तकात मला मिले नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र सापडलं. हा मिले शेतकऱ्याच्या घरातला. चित्र 1857 सालचं. तीन बाया कापणी झालेल्या रानात वाकून पडलेल्या ओंब्या वेचतायत. आमच्याकडं याला सरवा वेचणं म्हणतात, माझ्या आत्यानं जन्मभर केलं. मागं लांबवर धन्याच्या गंजी उभ्या आणि घोड्यावर बसलेला मुकादम. पॅरिसच्या प्रदर्शनात ते लागलं तेव्हा पैसेवाल्यांपैकी पुष्कळांना ते खटकलं म्हणे. गरीब माणसं एवढी मोठी का काढली, असं. आमच्या परीक्षकांच्या कितीतरी पिढ्या आधीची ही गोष्ट. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? पालघरकडचे वारली लोक झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढतात, त्यात माणसाशिवाय शेत नसतं. जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी 2011 साली पद्मश्री मिळाली. आता ती चित्रं हॉटेलच्या भिंतींवर आणि चादरींवर आली आहेत, तिथं मात्र नाचणारीच माणसं जास्त घेतात, आवणी करणारी कमी. असो.

आता जमिनीचं. आमच्या रस्त्याला जागोजागी प्लॉटिंगचे फलक आहेत. त्यावरचं चित्र ओळखीचं आहे की नाही बघा. दोन डोंगर, मधनं सूर्य, निळं पाणी, काठाला एक घर, शेजारी नारळ. माणूस नाही. पोरांनी काढलेलं तेच, फक्त झोपडीच्या जागी बंगला. खाली लिहिलेलं असतं ‘लेक व्ह्यू’, ‘माउंटन व्ह्यू’, ‘निसर्गाच्या कुशीत’. धरणाच्या कडेचा तुकडा सगळ्यांत महाग. शाळेतनं ते चित्र चाळीस वर्षं गिरवून घेतलं म्हणून तर ते गिऱ्हाइकाला बघितल्याबरोबर आपलं वाटतं. आणि आम्हालाही वाटतं, तिथं मरण आहे. आमच्या पोरांनाही आपलं गाव तसंच दिसायला हवं असं वाटायला लागतं, आणि तसं दिसत नाही म्हणून ती लाजतात.

मी धुतल्या तांदळासारखा नाही. 2009 साली मुलीच्या लग्नासाठी दीड एकर वरकस मी विकली. उताराची जमीन, भात होत नाही, मला वाटलं तिचा उपयोग काय. उपयोग हा की राबाचा पाला तिथनं यायचा. तिथं आता कंपाउंड आहे, आत लॉन आहे, तोडायला ऐन नाही. घेणारे लोक वाईट नाहीत. दिवाळीत मिठाई पाठवतात. पण पहिल्याच चैत्रात निरोप आला, धूर येतो, लहान मुलाला दम्याचा त्रास आहे, राब लांब कुठं तरी करता येईल का.

राब करावा की नाही हा वाद निराळा आहे आणि त्यात मी हेकट नाही. झाडं तुटतात, धूर होतो, कृषी खात्याचे लोक सांगतात ते मी ऐकतो. अर्ध्या वाफ्यांत मी गिरिपुष्पाचा पाला घालून बघतोय, रोप बरं येतं. पुढं मागं राब बंदही होईल. पण तो माझ्या शेताचा हिशेब बघून बंद व्हावा. कुणाच्या खिडकीतल्या चित्रात काळा डाग दिसतो म्हणून नको.

गॅदरिंगनंतर महिनाभरानं मी त्या पोरीच्या वस्तीवर गेलो. मनाला टोचत होतं. बाप हायवेच्या हॉटेलात कामाला, आई आणि आजी घरी. आजीनं चहा केला. मी म्हणलं, “बाळ, तुझं चित्र मला लई आवडलं होतं. मला देतीस का?”

ती आत गेली, बराच वेळ काही शोधलं, आणि नवंच चित्र घेऊन आली. दोन तिकोनी डोंगर, सूर्य, नारळ. चांगलं सफाईदार. “ते आधीचं कुठाय?” म्हणलं.

“त्ये फाडलं आबा. सर म्हनले उदास हाय. ह्ये बगा, ह्ये जमतंय का आता? यंदा नंबर येईल न्हवं?”

आजी कौतुकानं म्हणाली, “लई गुणाची हाय. राबाला आमच्यासंगं येती, आन घरी येऊन चित्र काढती.”

मी तिथंही पुरतं बोललो नाही. एवढंच म्हणलं, की बाळ, तुझ्या त्या झाडाच्या फांद्या बरोबर जागी तोडलेल्या होत्या. ती माझ्याकडं बघत राहिली. हे बक्षिसाच्या भाषेतलं नव्हतं, तिला काय कळणार. मग मी खिशातले पन्नास रुपये काढून तिच्या हातावर ठेवले आणि उठलो. पैसे द्यायला नको होते असं घरी येईस्तोवर वाटत राहिलं.

शाळेतल्या सरांना मी पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, चांगलं दिलं. लिहिलं की परीक्षेत, स्पर्धेत असंच चालतं, मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून शिकवावं लागतं. त्यांचंही खरं. म्हणून मग हे इथं लिहितोय. जे परीक्षक म्हणून आमच्याकडं येतात त्यांना माझं एकच मागणं आहे. चित्रापुढं उभं राहून भाव ठरवायच्या आधी त्या पोराला विचारा, हे काय आहे? दोन मिनिटं लागतील. ते पोरगं सांगेल, हा राब, हा ऐन, ही माझी आई. मग म्हणा उदास, म्हणवत असलं तर.

परवा आमच्या भावकीतला एक जण आला. जमिनीची दलाली करतो, पोरगा कष्टाळू आहे. म्हणाला, “तात्या, येत्या आयतवारी पार्टी यायचीय, शेजारचं रान बगायला. तवर तुमचा राब पेटवू नका. वरनं बगितलं की काळं काळं दिसतंय. चार दिसानं काय फरक पडतुय?”

थोरला माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या मनात आमचा वरचा तुकडाही त्याच पार्टीला दाखवावा असं आहे, मला माहीत आहे. त्याचंही चुकत नाही, त्याला दोन पोरं शिकवायची आहेत.

मी म्हणलं, “कितीला येणारैत?”

“दहापत्तूर येतील.”

“त्यांना म्हणावं साडेपाचला या. उजाडायच्या आत वारं पडलेलं असतंय, तेव्हाच पेटवायचाय. आन येताना जुनी कापडं घालून या म्हणावं, धूर लागतो.”

तो हसला, त्याला चेष्टा वाटली. शनिवारी रात्री मी माचिस आणि पाण्याच्या दोन घागरी बांधावर नेऊन ठेवल्या.